पाटील, पटेल, पोटेल : एका अधिकारनामाची व्युत्पत्ती आणि त्याची इंग्रजी रूपे

खानदेशातील कोणत्याही महाविद्यालयाचा हजेरीपट उघडून पाहावा. आडनावांच्या रकान्यात ‘पाटील’ हे नाव इतक्या वेळा येते की, विद्यार्थ्याची नेमकी ओळख पटण्यास त्याचे स्वतःचे व वडिलांचे नावही पुष्कळदा अपुरे पडते. शिक्षकाला गावाचे नाव विचारावे लागते. पाटलांच्या मागोमाग चौधरी आणि महाजन येतात. ही तीनही नावे मुळात आडनावे नव्हेत, अधिकारांची नावे होत. ज्या शब्दाने एके काळी साऱ्या गावात एकच घर दाखविले जाई, तोच शब्द आज एका वर्गातील दोन मुलांना एकमेकांपासून निराळे काढू शकत नाही. हा पालट कसा घडला, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे तितकाच भाषाशास्त्राचाही आहे.

प्रस्तुत लेखाला निमित्त मात्र याहून लहान आहे. मध्यंतरी एका प्रबंधाचा मसुदा माझ्याकडे वाचावयास आला होता. १८१८ नंतरच्या इंग्रजी कागदपत्रांत खानदेशातील ज्या गावांच्या प्रमुखांचा उल्लेख ‘पटेल’ असा येतो ती गावे गुजरातेतून आलेल्या लोकांनी वसविली असली पाहिजेत, आणि जेथे ‘पाटील’ असा उल्लेख येतो ती मूळच्या मराठी वस्तीची असली पाहिजेत, असा तर्क त्यात केलेला होता. त्याच पायावर वसाहतीचा एक नकाशाही काढलेला होता. अभ्यासक कष्टाळू होता व त्याने कागदपत्रे खरोखरीच चाळलेली होती. तरीही तो नकाशा इंग्रजी कारकुनांच्या वर्णलेखनाचा नकाशा होता, वस्तीचा नव्हता. हे दाखवून द्यावयाचे तर शब्दाच्या मुळापासूनच आरंभ केला पाहिजे.

‘पाटील’ शब्दाचे संस्कृत लेखांत आढळणारे रूप ‘पट्टकिल’ असे आहे. दहाव्या-अकराव्या शतकांतील माळव्याच्या परमारांच्या ताम्रपटांत, दान दिलेल्या गावातील ज्या लोकांना उद्देशून राजाज्ञा काढलेली असते त्यांत, रहिवाशांबरोबर पट्टकिलाचाही निर्देश येतो. भोजाच्या विक्रम संवत् १०७६ च्या बांसवाडा ताम्रपटात हा शब्द आहे. माळवा म्हणजे आपल्या सातपुड्यापलीकडचाच प्रदेश, तेव्हा खानदेशाच्या दृष्टीने हा पुरावा दूरचा मानण्याचे कारण नाही. ‘पट्ट’ म्हणजे लेख कोरण्याचा फलक व त्यावरून राजशासन. आजचे ‘पट्टा’ आणि ‘ताम्रपट’ हे शब्द त्याच कुळातले. ज्याच्याकडे गावचा पट्ट तो पट्टकिल, इतका अर्थ सहज लागतो. बसावयाच्या पाटाशी किंवा पाण्याच्या पाटाशी या शब्दाचा संबंध जोडण्याची जी प्रवृत्ती आहे ती लोकव्युत्पत्तीच्या सदरात जमा करावी. ती ऐकावयास गोड आहे, परंतु तिला आधार नाही.

येथपर्यंत फारसा मतभेद होणार नाही. पण ‘पट्टकिल’ हेच मूळ आणि त्यापासून ‘पाटील’ झाला, असे जे सर्रास लिहिले जाते ते मला पटत नाही. माझ्या मते क्रम उलटा आहे. लोकांच्या तोंडी असलेल्या प्राकृत शब्दाला ताम्रपटाच्या लेखकाने संस्कृत वेष चढविला, तो ‘पट्टकिल’. याचे मुख्य प्रमाण शब्दाच्या अखेरच्या वर्णात आहे.

मराठीचा एक ठळक ध्वनिनियम असा की, संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो आणि प्राकृतातील दुहेरी ‘ल्ल’ मराठीत ‘ल’ राहतो. फल-फळ, काल-काळ, कमल-कमळ ही पहिल्या प्रकारची उदाहरणे. गल्ल-गाल, फुल्ल-फूल, तेल्ल-तेल, बइल्ल-बैल ही दुसऱ्या प्रकारची. गुजरातीतही ‘ळ’ आहे आणि हाच भेद तेथेही पाळला जातो. आता ‘पट्टकिल’ यात ‘ल’ एकेरी आहे. तो मूळचा असता तर मराठीत ‘पाटीळ’ आणि गुजरातीत ‘पटेळ’ अशी रूपे मिळाली असती. तशी ती कोठेही मिळत नाहीत. दोन्ही भाषा एकमुखाने ‘ल’ सांगतात, म्हणजेच मागे ‘ल्ल’ होता असे सांगतात.

खानदेशातील वाचकाला तिसरी साक्ष घरबसल्या मिळते. अहिराणीत आणि लेवा बोलीत मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याचा डोया होतो, धुळ्याचे धुये होते, जळगावचे जयगाव होते. परंतु अस्सल अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडूनही ‘पाटीय’ असे कधी ऐकू येत नाही. त्याचा पाटील पाटीलच राहतो. बोलीला अशुद्ध म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ज्या ठिकाणी ताम्रपटाचे संस्कृत आपली दिशाभूल करते त्या ठिकाणी शेतावरची अहिराणी खरे बोलते.

हा ‘ल्ल’ आला कोठून, याचे उत्तर प्राकृत व्याकरणात आहे. ‘तेथला’, ‘त्या ठिकाणी असणारा’ किंवा ‘ते ज्यापाशी आहे असा’ या अर्थांनी प्राकृतात ‘इल्ल’ हा प्रत्यय लागतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने तो नोंदविला आहे आणि ‘उवरिल्ल’, ‘हेट्ठिल्ल’ यांसारखी उदाहरणे दिली आहेत. यांतील ‘उवरिल्ल’ म्हणजे आपले ‘वरील’. खालील, पुढील, मागील, आतील या शब्दांत आपण जो ‘-ईल’ रोज वापरतो तोच हा प्रत्यय होय. तेव्हा ‘पट्ट’ला ‘इल्ल’ लागून ‘पट्टिल्ल’, आणि त्यापासून जोडाक्षर सुटून मागचा स्वर दीर्घ होण्याच्या नेहमीच्या नियमाने ‘पाटील’. मध्ये कोठेही ‘क’ घालण्याची गरज पडत नाही. तो ‘क’ संस्कृत लिहिणाऱ्याने दोन स्वरांमधील पोकळी भरण्यासाठी घातला, असे म्हणावयास हरकत नसावी. लेखनिक एका भाषेत विचार करतो आणि दुसरीत लिहितो, ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. आपल्याच जिल्ह्यातील चाळीसगावाजवळच्या पाटण येथला शके ११२८ चा शिलालेख पाहावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठासंबंधीचा हा लेख संस्कृतात सुरू होतो आणि शेवटी, दानाच्या व्यवहाराची नोंद करताना, देशी भाषेत उतरतो.

राहिला प्रश्न ‘ई’ आणि ‘ए’ यांचा. मराठीत पाटील आणि गुजरातीत पटेल का? प्राकृतात जोडाक्षरापूर्वी ‘इ’ आणि ‘ए’ यांचा विकल्प सर्वत्र आढळतो. ‘गावकरी’ या अर्थी ‘गामिल्ल’ही आहे आणि ‘गामेल्ल’ही आहे. मराठीने या प्रत्ययाचे ‘इल्ल’ हे रूप घेतले. गुजरातीने ‘एल्ल’ घेतले. गुजराती धातुसाधितांतील ‘करेल’, ‘लखेल’ ही रूपे याच एकाराची मानली जातात. या स्पष्टीकरणावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो मी स्वतःच मांडतो. ‘बिल्व’ या शब्दाचे प्राकृतात ‘बिल्ल’ व ‘बेल्ल’ असे दोन्ही झाले. तेथे मराठीने ‘बेल’ घेतला आणि गुजरातीने ‘बीली’ घेतली, म्हणजे नेमके उलट झाले. तेव्हा मराठीला ‘ई’ आवडतो आणि गुजरातीला ‘ए’, असा सरसकट नियम करता येणार नाही. माझे म्हणणे एवढ्या एका प्रत्ययापुरते आहे, आणि तेवढ्यापुरते ते टिकते असे वाटते.

सारांश, पाटील आणि पटेल हे दोन शब्द नव्हेत. एकाच शब्दाचे ते दोन उच्चार आहेत आणि त्यांच्यातील फरक प्राकृताइतका जुना आहे. येथपर्यंत त्या प्रबंधकाराच्या बाजूने काही बोलता येईल. एखादा माणूस स्वतःच्या तोंडाने ‘पटेल’ म्हणत असेल, तर त्याच्या भाषेचा कल गुजरातीकडे आहे, असे अनुमान रास्त ठरेल. पण इंग्रजी कागदात तो स्वतःच्या तोंडाने बोलत नाही.

त्याकडे वळण्यापूर्वी अधिकारनामाचे आडनाव कसे झाले हे थोडक्यात पाहू. पाटीलकी हे वतन होते. ते वंशपरंपरेने चाले, भावाभावांत त्याच्या तकसिमा पडत, आणि प्रसंगी ते विकलेही जाई. पोळ्याला पुढे चालणारा मानाचा बैल, होळीची पहिली पोळी, असे मानपान त्याला चिकटलेले असत आणि त्यांवरून तंटे होत. कामकाज एकाच्या हाती असले तरी मान साऱ्या भाऊबंदांचा, म्हणून बिरुदही साऱ्या भाऊबंदांचे. जुन्या कागदांत ‘अमुक पाटील मोकदम, मौजे अमुक’ अशी माणसाची ओळख दिलेली असते. तेथे ‘पाटील’ हे पद आहे. कुळाचे नाव निराळे असते, आणि ते बहुधा लिहिलेलेही नसते, कारण गावात ते सर्वांना ठाऊक असते. शाळेचा दाखला, न्यायकचेरी आणि नोकरीची यादी यांनी जेव्हा प्रत्येक माणसाकडे तीन नावे मागितली, तेव्हा तिसऱ्या रकान्यात पुष्कळांनी आपला मान लिहिला आणि कूळ मागे ठेवले. लेवा समाजात हे फार स्पष्ट दिसते. नेमाडे, भंगाळे, बेंडाळे, झोपे, नारखेडे, कोल्हे, फिरके ही कुळनामे ज्यांनी लिहिली त्यांची राहिली. ज्यांनी ‘पाटील’ लिहिले त्यांची नातवंडे आता लग्नसंबंध जुळविण्याच्या वेळी तेवढी जुने कूळ विचारतात.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८८० साली असोदे येथे महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला आणि जळगावच्या चौधरींच्या घरी त्या दिल्या गेल्या. म्हणजे एका अधिकारनामातून निघून त्या दुसऱ्या अधिकारनामात आल्या. ‘चौधरी’ हा शब्द परंपरेने ‘चतुर्धुर’शी जोडला जातो. त्याची इंग्रजी वर्णलेखने पंजाबपासून बंगालपर्यंत इतकी आहेत की, त्यांवर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथे इतकेच सांगतो की, २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले तेव्हा विद्यापीठाच्या इंग्रजी नावात ‘चौधरी’च्या अखेरीस ‘आय’ हे अक्षर आले. हिंदी प्रदेशात त्याच जागी बहुधा ‘वाय’ लिहितात.

अधिकारनामाचे आडनाव होणे आणि मग ते परक्या लिपीत जाऊन विखुरणे, याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण आपल्याकडचे नाही, स्कॉटलंड व आयर्लंड येथील गेलिक भाषेचे आहे. तेथे ‘तोशेख’ म्हणजे पहिला, पुढारी. या शब्दाच्या मागे ‘मॅक’, म्हणजे पुत्र, लागून ‘पुढाऱ्याचा पुत्र’ या अर्थी जे कुलनाम झाले त्याचे इंग्रजी कागदांत मॅकिंटॉश झाले. ते कधी ‘के’ घालून लिहिले गेले, कधी ‘के’ वगळून, तर कधी ‘मॅक’चा संक्षेप करून. मुंबईत १८०४ साली लिटररी सोसायटी स्थापन करणारे सर जेम्स मॅकिंटॉश याच नावाचे. पावसाळी अंगरख्याला ज्या रसायनज्ञाचे नाव मिळाले तोही मॅकिंटॉशच, मात्र त्याच्या नावात ‘के’ नव्हता आणि अंगरख्याच्या नावात तो आला. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने पंतप्रधानाला जे ‘तीशख’ हे पदनाम दिले ते मुळात हाच शब्द आहे. इंग्रजी मात्र वाचणाऱ्याला मॅकिंटॉश आणि तीशख यांचे नाते दिसणे शक्य नाही.

गेलिक नावांना याहून वाईट गतीही लाभली. लोहाराचा पुत्र या अर्थाचे नाव काही ठिकाणी उच्चाराप्रमाणे ‘मॅगावन’ असे लिहिले गेले आणि काही ठिकाणी सरळ भाषांतर होऊन ‘स्मिथ’ झाले. ‘मॅक अन वार्ड’, म्हणजे भाटाचा पुत्र, याचे नुसते ‘वॉर्ड’ उरले. तो आयरिश वॉर्ड आता पहारेकरी या अर्थाच्या इंग्रजी वॉर्डात मिसळून गेला आहे. पुढे एखादा अभ्यासक आयर्लंडमधील वॉर्ड घराणी मोजून त्यांना इंग्रज वसाहतकार ठरवू लागला, तर तो आमच्या प्रबंधकाराचीच चूक करील.

आपल्या शब्दालाही भाषांतर चुकले नाही, पण ते फारसीत झाले. सुलतानी आणि मोगली दप्तरांत पाटलाला ‘मुकद्दम’ म्हणतात. त्या अरबी शब्दाचा अर्थ ‘पुढे केलेला’, ‘अग्रभागी असलेला’ असा, म्हणजे गेलिक ‘तोशेख’च्या अगदी जवळचा. खानदेशावर चौदाव्या शतकापासून फारूकींची आणि १६०१ नंतर मोगलांची सत्ता होती, तेव्हा हा शब्द येथे चांगलाच रुळला. मात्र तो पाटलाला हुसकून लावू शकला नाही. दोघे जोडीने ‘पाटील मोकदम’ असे नांदले. पुढे मुकादमाची पदवी उतरत उतरत मजुरांच्या टोळीपर्यंत आली आणि पाटील गावात राहिला.

इंग्रजांनी भाषांतर केले नाही. त्यांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले, आणि प्रत्येकाचा कान निराळा होता. येथे पहिली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, इंग्रजांची या शब्दाशी ओळख दख्खनेत झालेली नाही. त्यांची वखार सतराव्या शतकाच्या आरंभापासून सुरतेस होती, तेव्हा त्यांच्या कानी प्रथम पडला तो गुजराती ‘पटेल’. दोन शतकांनी, १८१८ मध्ये, ते खानदेशात आले आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज येथे कारभार पाहू लागला, त्या वेळी इंग्रजी कारभाराच्या शब्दसंग्रहात या पदाला शब्द आधीच तयार होता. खानदेशातला पाटील इंग्रजी कागदात ‘पटेल’ होतो तो बहुधा या कारणाने. तो गुजराती आहे म्हणून नव्हे, लिहिणाऱ्याचा कोश सुरतेचा आहे म्हणून.

दुसरे रूप याहून मनोरंजक आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी एल्फिन्स्टनने जो प्रसिद्ध अहवाल लिहिला त्यात हा शब्द ‘पी-ओ-टी-ए-आय-एल’ अशा वर्णांनी येतो. १८८६ मध्ये निघालेल्या यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘पटेल’ आणि ‘पोटेल’ ही दोन्ही रूपे एकाच नोंदीच्या माथ्यावर शेजारी शेजारी दिलेली आहेत. हा ‘ओ’ कशाचा? इंग्रजीतील ऱ्हस्व ‘ओ’चा उच्चार आपण ज्याला आज ‘ऑ’ म्हणतो त्याच्या जवळचा असतो, आणि तो ‘अ’पेक्षा ‘आ’ला जवळ आहे. तेव्हा हे लेखन ‘पटेल’ या उच्चाराचे नसून आद्य आकार असलेल्या दख्खनी उच्चाराचे असावे, असे मला वाटते. म्हणजे वरवर पाहता जे रूप सर्वांत विद्रूप, त्यातच मराठी उच्चाराचा अंश अधिक उरला आहे. अशी वर्णलेखने ‘अपभ्रष्ट’ म्हणून टाकून देऊ नयेत, ती या कारणासाठी.

पुढे या गोंधळाला आळा बसला. विल्यम जोन्स याने १७८८ मध्येच आशियाई शब्द रोमन लिपीत लिहिण्याची एक सुसंगत पद्धती मांडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंटरच्या पुढाकाराने तिचेच सुधारलेले रूप सरकारी झाले. १८८० मध्ये कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशावर आहे. त्याच्या शीर्षकातच ‘खा’वरील ‘ए’ या अक्षराच्या माथ्यावर आकार दाखविणारी रेघ आहे. जुन्या नकाशांतील ‘सी’ने सुरू होणारे ‘कँडीश’ त्यामुळे मागे पडले. पण शिस्तीचीही किंमत असते. माथ्यावरची रेघ छापणे जिकिरीचे, म्हणून ती लवकरच गळाली, आणि ‘पी-ए-टी-आय-एल’ हे रूप उरले. त्यात ‘आ’ कोणता आणि ‘अ’ कोणता हे दिसत नाही, ‘ट’ आणि ‘त’ यांचा भेद दिसत नाही, ‘इ’ ऱ्हस्व की दीर्घ हेही दिसत नाही. हिंदी वृत्तपत्रांत आपल्या पाटलांना जो ऱ्हस्व ‘पाटिल’ भेटतो, त्याला या लेखनाचाही हातभार लागला असावा.

कायद्यांतील प्रवास तर एखाद्या दृष्टांतासारखा आहे. मुंबई इलाख्याचा १८६७ चा ग्रामपोलीस कायदा इंग्रजीत ‘पोलीस-पटेल’ म्हणतो. इलाख्यात गुजरातही होता आणि दख्खनही होती. दोहोंना मिळून एकच शब्द हवा होता, आणि रुळलेला शब्द गुजराती होता. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. कायद्यातला पटेल मात्र दोन्हीकडे तोच राहिला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले. तरीही १९६२ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मुलकी पाटीलकी रद्द करणारा जो कायदा केला त्याच्या इंग्रजी नावात ‘पटेल’ हाच शब्द आहे. मराठी राज्याने मराठी पाटलाचे पद गुजराती नावाने रद्द केले, असे थोड्या विनोदाने म्हणता येईल. खरे कारण साधे आहे. जो कायदा मोडावयाचा त्याचीच परिभाषा नव्या कायद्याला वापरावी लागते. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, १८६७ च्या कायद्याच्या जागी महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम आला, आणि त्यात प्रथमच ‘पोलीस-पाटील’ हे इंग्रजी लेखन दिसते. बरोबर शंभर वर्षांनी ‘ई’ या इंग्रजी अक्षराची जागा ‘आय’ने घेतली. त्या शंभर वर्षांत गावातल्या कोणा पाटलाचा उच्चार बदलला होता असे नव्हे.

इंग्रजी रूप परत देवनागरीत येऊन बसते, तेव्हा हा प्रश्न केवळ लेखनाचा राहत नाही. महादजी शिंदे हे कण्हेरखेडच्या पाटलांच्या घरचे, आणि ‘पाटीलबावा’ ही त्यांची ओळख. त्यांच्या घराण्याचे ‘शिंदे’ हे नाव फारसी व इंग्रजी लेखनांतून जाऊन उत्तरेत ‘सिंधिया’ होऊन स्थिर झाले, आणि आज देवनागरीतही तसेच लिहिले जाते. धुळ्याच्या बाबतीतही तेच. इंग्रजीला ‘ळ’ लिहिता येईना म्हणून ‘धुलिया’ झाले. ते हिंदीत देवनागरीतून लिहिले जाऊ लागले, आणि अखेर मराठी माणसेही इंग्रजी बोलताना स्वतःच्या गावाला धुलिया म्हणू लागली.

पाटील-पटेल या जोडीत हा धोका अधिक आहे, कारण येथे परत आलेले रूप निरर्थक नाही. ते शेजारच्या भाषेतले जिवंत आडनाव आहे. पश्चिमेकडे, शहादे-तळोद्याच्या बाजूस, जो भाग १९९८ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात गेला, तेथे गुजर समाजात दोन्ही रूपे खरोखर चालतात. त्या भागातील माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी दोघे सख्खे भाऊ इंग्रजीत दोन आडनावांचे होते. दोघांच्या मराठी दाखल्यांवर ‘पाटील’ होते. थोरल्याच्या इंग्रजी प्रमाणपत्रावर कोणा लिहिणाराने ‘पटेल’चे वर्ण घातले होते. वडिलांच्या पश्चात शेताची वाटणी नोंदविण्याची वेळ आली, तेव्हा हे दोघे एकाच बापाचे आहेत हे त्यांना शपथपत्राने सिद्ध करावे लागले. शेवटी थोरल्याने राजपत्रात नावबदलाची सूचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव वस्तुतः कधी बदललेच नव्हते.

उद्या एखाद्याने ते राजपत्र प्रमाण मानून ‘एका गुजराती कुटुंबाने मराठी आडनाव स्वीकारले’ असे लिहिले, तर त्याला दोष कसा द्यावा? अशा कागदाचे वाचन करताना दोन प्रश्न निराळे ठेवणे अवश्य आहे. नाव धारण करणारा स्वतः काय म्हणत होता, हा एक. लिहिणारा कोणत्या पद्धतीने लिहीत होता, हा दुसरा. इंग्रजी कागद प्रामुख्याने दुसऱ्याचे उत्तर देतो. पहिल्याचे उत्तर त्याच गावच्या मोडी कागदांत शोधावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसला, तरी ‘टी’ आणि ‘टे’ यांच्यात घोटाळा होत नाही. एकाच गावचा मोडी कागद ‘पाटील’ म्हणत असेल आणि त्याच वर्षीचा इंग्रजी कागद ‘पटेल’ म्हणत असेल, तर वस्तीच्या नकाशावर खूण करण्याचे कारण उरत नाही.

धुळे हे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे अखेरचे कार्यस्थान. १९२६ च्या डिसेंबरअखेर ते येथेच वारले, आणि त्यांनी जमविलेले कागद येथील राजवाडे संशोधन मंडळात आहेत. ग्रामनामे आणि आडनावे ही इतिहासाची साधने आहेत, ही दृष्टी मराठीला प्रामुख्याने त्यांनी दिली. प्रत्येक शब्द संस्कृतापर्यंत, आणि जमल्यास त्याहीपलीकडे, नेऊन भिडविण्याचा त्यांचा हव्यास आज आपण मान्य करणार नाही. ‘पट्टकिल’च्या बाबतीत तर तोच आडवा येतो. परंतु नाव जेथे बोलले जाते तेथे जाऊन ते ऐकावे, हा त्यांचा परिपाठ अद्याप जुना झालेला नाही.

रावेर, यावल, चोपडे, शिरपूर, शहादे या तालुक्यांत जे विद्यार्थी आडनावांचे संकलन करू इच्छितात त्यांना माझे सांगणे असे की, प्रत्येक घरी देवनागरी लेखन आणि इंग्रजी वर्णलेखन ही दोन स्वतंत्र रकान्यांत उतरून घ्यावीत, आणि इंग्रजी लेखन प्रथम कोणत्या कागदावर व कोणत्या वर्षी आले तेही विचारावे. तिसरा रकाना कुळनामाचा ठेवावा. तो भरण्यासाठी घरातील पुरुषांपेक्षा वृद्ध स्त्रियांना विचारणे चांगले. सोयरिकी जुळविताना कूळ पाहण्याचे काम बहुधा त्यांच्याकडे असते, म्हणून पाटील या नावाखाली झाकलेले जुने नाव त्यांना हमखास ठाऊक असते. आणि ते नाव त्या बोलीत सांगतील. त्यात ‘य’ ऐकू आला तर तो तसाच लिहावा, ‘ळ’ करून सुधारू नये.